मारबत परत आली

आमचं गाव बोरी अरबच्या बाजाराला पायी जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल एवढ्या अंतरावर. छप्पन साली सरकारनं आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात नेला आणि पुढं तिथूनही उचलून महाराष्ट्रात ठेवला. एवढा मोठा प्रवास आम्ही घरबसल्या केला, बैलगाडीसुद्धा जुंपावी लागली नाही. सीमा सरकारनं हलवली की पेढे वाटतात. आम्हाला मात्र आमच्या एवढ्याशा शिवेपायी जमादारासमोर उकिडवं बसावं लागलं, त्याची ही हकिकत.

महाराष्ट्र नुकता झाला होता आणि मी लग्नाचा होतो. म्हणजे माझं तसं मत होतं, मुलींच्या बापांचं अजून झालेलं नव्हतं. त्याला कारण दंडार. आमच्याकडे सुगीनंतर दंडारीचे खेळ होत आणि त्यात राणीचं काम माझ्याकडे असे. नऊवारी नेसून मी स्टेजवर आलो की बायकासुद्धा काठ पाहायला पुढं सरकत. पण राणीला जावई करून घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी नेरचा एक बाप कबूल झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं तो घर पाहायला येणार होता. हा दिवस माझ्या वडिलांनी मुद्दाम निवडला होता. वर्षातून त्या एकाच वेळी आमचे बैल धुतलेले असत, शिंगं रंगवलेली असत आणि अंगावर झुली असत. त्या झुलीखाली बरगड्या मोजता येत नसत.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा रिवाज सांगतो. पोळ्याला आमच्याकडे प्रत्येक दारात पळसाची फांदी ठेवतात, तिला मेढा म्हणायचं. घरातली सगळी दुखणीखुपणी रात्रीतून त्या मेढ्यात जाऊन बसतात अशी समजूत. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तरणी माणसं दारोदारचे मेढे गोळा करतात आणि शिवेबाहेर नेऊन फेकतात. सोबत मारबत असते. मारबत म्हणजे चिंध्या आणि तुराट्यांची बाई, ती गावची सगळी पीडा पोटात घालून चालती होते. "खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत! ढेकूण-पिसवा घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडत आम्ही निघायचो. ओरडणाऱ्यांचा म्होरक्या मी. मारबत बनवणाराही मीच, कारण बाई कशी दिसते याचा अनुभव गावात मला सगळ्यांत जास्त होता.

त्या वर्षीची मारबत फार देखणी झाली होती. तिला मी आईचं लुगडं नेसवलं होतं, हिरवं, लाल काठाचं. आईला विचारलं नव्हतं.

शीव म्हणजे गावाच्या उगवतीचा नाला. नाल्याच्या अलीकडच्या काठावर गावातली शेवटची इमारत, आमची मशीद. लहानशी, भोवती कंबरभर उंच मातीचा कूड, अंगणात हातपाय धुवायचा हौद. मशिदीच्या शेजारी उभं राहून आम्ही मेढे नाल्यापलीकडे भिरकावायचो. पलीकडे तांडा होता. पूर्वी धान्य आणि मीठ बैलांवर लादून मुलूखभर हिंडणारी ती माणसं, आता जमीन घेऊन कापूस आणि तूर पेरत होती. त्यांच्या झोपड्या, गोठे, बकऱ्या आम्हाला रोज दिसत. तरी आमच्या डोक्यात नाल्यापलीकडे म्हणजे अजून रानच होतं.

त्या सकाळीही आम्ही मेढे फेकले, मारबत फेकली, घसा बसेपर्यंत ओरडलो आणि घरी चहाला आलो. मी दाढी केली, वडिलांनी बैलांच्या झुली सारख्या केल्या. तेवढ्यात गल्लीतून एक जण पळत आला.

"अबे, मशिदीत मेढे टाकले कोनी! आंगन भरलं साऱ्यानं! अन् मारबत हौदाले टेकून उभी हाय!"

मी चहाची बशी खाली ठेवली. मारबत मी स्वतः, या दोन हातांनी, नाल्यापार फेकली होती.

एरवीच्या वर्षी ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण त्या वर्षी गाव तापलेलं होतं. पोळ्यामागून गणपती, आणि आमच्या किराणा दुकानदारानं मिरवणुकीसाठी यवतमाळहून बँड सांगितला होता. मशिदीसमोर बँड वाजवायचा की थांबवायचा यावर चावडीत दोन बैठका झाल्या होत्या. दोन्हींत एकमेकांच्या आज्यापणज्यांचा उद्धार झाला होता. दुकानदाराला भांडणाची फार हौस, तेलापेक्षा त्याच्याकडे ठिणग्याच जास्त खपत. या बँडपायीच पोळ्याला बंदोबस्त म्हणून दारव्ह्याहून जमादार आला होता, आणि आदल्या रात्री पाटलाकडे पुरणपोळ्या खाऊन अजून पोटावर हात फिरवत होता.

मी पोचलो तेव्हा मशिदीच्या कुडाच्या आत लाठ्या घेतलेली पोरं होती आणि कुडाच्या बाहेरही लाठ्या घेतलेली पोरं होती. लाठ्या सगळ्यांच्या एकाच सुताराकडच्या. मध्ये पळसाच्या फांद्यांचा ढीग, आणि हौदाला टेकून माझी मारबत, मान एका बाजूला कललेली, जणू नमाजाची वेळ विचारते आहे.

मशिदीचा कारभार पाहणारे चाचा आमच्या शेताचे शेजारी. वडिलांची आणि त्यांची बैलजोडी एकमेकांच्या पेरणीला जात असे. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"जमादारसाब," ते म्हणाले, "सारा गाव आपल्या बिमाऱ्या आनून आमच्या खुदाच्या आंगनात टाकते. हे मजाक नाही. आज मेढे टाकले, उद्या का टाकतीन? मले फिर्याद लिहायची हाय."

जमादारानं छडीनं मारबतीचा पदर उचलला. "लुगडं कोनाचं हाय?"

"माह्यं!" गर्दीतून आई पुढं आली. "माह्यं होय साहेब. अन् फाटलं नव्हतं थे! काठाले थोडं विरलं होतं. पह्यले त्याले इचारा, कोनाले इचारून नेलं म्हनून!"

सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. पोटच्या पोराला इतक्या चपळाईनं पकडून देणारी आई मी पुन्हा पाहिली नाही.

"बाहुली तुही, लुगडं तुह्या मायचं, अन् सकाळी बोंबलत तूच होता," जमादार म्हणाला. "बस खाली."

मी उकिडवा बसलो. "साहेब, आम्ही हे नाल्यापार फेकलं होतं."

"मंग का पायानं चालत आली हे?"

हा प्रश्न त्यानं टोमणा म्हणून विचारला होता, पण दुकानदारानं तो उचलला. "साहेब, मी तं म्हनतो चालतच आली. मारबत परत येते तवा गावात पटकी येते. माह्या आजानं पाह्यलं हाय."

त्यासरशी कुडाबाहेरची गर्दी मागं सरकली. लाठ्या घेतलेली पोरंही सरकली. जमादार सरकारी माणूस, तो एकच पाऊल सरकला. आता मोठीच पंचाईत झाली. मेढे उचलायला आमची माणसं तयार नव्हती, कारण पीडा लागेल. मशिदीतली माणसंही हात लावेनात, कारण तो पुरावा होता. ढीग तिथंच पडून राहिला आणि त्याच्याभोवती दोन्ही धर्म एकमेकांना शिव्या देत उभे राहिले.

"दोरी आना," जमादार म्हणाला. "याले दारव्ह्याले नेतो."

वडील हात जोडून पुढं झाले. "साहेब, आज पोट्ट्याचं घर पाहाले पाव्हणे येऊन राह्यले. उद्या न्या."

"गुन्हा आज झाला अन् उद्या नेऊ?"

"मंग पाव्हणे जेवले का न्या. जेवन तयार हाय. तुमीबी जेवा."

जमादारानं जरा विचार केला असावा, पण पोटात जागा नव्हती. दोरी आली. नेरची मोटार यायची वेळ झालेली. हातात दोरी बांधलेला नवरदेव फाट्यावरून दारव्ह्याकडे निघालेला आणि समोरून सासरा छत्री घेऊन येतो आहे, असा प्रवेश दंडारीत चांगला रंगला असता. खऱ्या आयुष्यात मात्र कबूल झालेला हा एकच बाप होता. दुसरा मिळणार नव्हता.

एवढ्यात चाचांची म्हातारी आई काठी टेकत आली. तिला आम्ही सगळे बडीअम्मा म्हणायचो.

"बाजूले हो रे जमादार," म्हणत ती सरळ ढिगाशी गेली, वाकली आणि फांद्या उलटसुलट करायला लागली. कोणी तिला थांबवायच्या आत तिनं एक मेढा ओढून काढला. त्याला झबल्याची निळी चिंधी बांधलेली होती.

"हा तं आपला हाय," ती लेकाला म्हणाली.

"अम्मी, तुम घर जाव," चाचा हळूच म्हणाले.

"काहून जाऊ? आपल्या पोट्ट्याचा खोकला याच्यात बांधून मीच तं देल्ला होता या राणीच्या हातात." राणी म्हणजे मी. "अन् हा पाह्य, हा तुह्या भावाच्या घरचा. हा त्या लाठीवाल्याच्या मायचा, तिची गाठ मले वळखू येते."

लाठीवाल्यानं लाठी पाठीमागं नेली. खरी गोष्ट अशी होती की मेढा गावातल्या प्रत्येक दारात असे. खोकला जात पाहून येत नसे, मग तो घालवायचा उपायही कोणी जात पाहून करत नसे. बायकांना हे माहीत होतं आणि पुरुषांना माहीत असून आठवत नव्हतं.

जमादारानं टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजे फिर्यादीच्या घरचाबी माल याच्यात हाय. आता मले सांगा, कोनी कोनाचा अपमान केला?"

"मेढे कोनाचेबी असो साहेब," दुकानदारानं आठवण दिली, "मशिदीत आनून टाकनारा तं एकच हाय ना?"

"हाव, हे बरोबर," म्हणून जमादारानं माझा हात धरला.

तेव्हा नाल्याच्या बाजूनं तांड्यातली एक म्हातारी येताना दिसली. तांड्यात आईला याडी म्हणतात, आणि तिला सगळा तांडा याडीच म्हणे. घागऱ्याचे आरसे चमकवत ती नाला चढून आली. तिच्या डोक्यावर पळसाच्या फांद्यांचा भारा होता. कोणाकडे न पाहता ती मशिदीच्या अंगणात शिरली, भारा ढिगावर टाकला आणि कंबर सरळ केली.

"हे राह्यलं होतं," ती म्हणाली. "गोठ्यावर अडकलं होतं."

जमादारानं माझा हात सोडला.

"बाई," जमादार म्हणाला, "हे सारं तुमी टाकलं?"

"टाकलं नाही. परत केलं." मग ढिगाकडे बोट करून ती आपल्या बोलीत म्हणाली, "ई तमार छ." तुमचं आहे हे.

मला हसू फुटलं आणि मी ते दाढीच्या साबणाचा वास असलेल्या हातानं दाबलं. पिढ्यान् पिढ्या माल इकडून तिकडं पोचवणारी माणसं ती. आम्ही पाठवलेला माल त्यांना नको होता. पत्ता पाहून त्यांनी तो परत आणून टाकला, भाडंही मागितलं नाही.

"पन मशिदीत काहून टाकलं?" चाचांनी विचारलं.

"नाला चढला का गावाचं पह्यलं घर हेच लागते. पह्यल्या घरात टाकलं. कोनाचं हाय ते काहून पाहावं?" याडी त्यांच्याकडे वळली. "तुमी टाकता तवा पाह्यता का, आमच्या पह्यल्या घरात कोन निजलं हाय? ते घर माह्यं हाय."

याडीनं नाल्यापलीकडच्या छपराकडे बोट केलं.

"इतकी वर्सं आमाले वाटे, गाव आपल्या देवाले हाका मारते. आमीबी हात जोडून उभे राहो. लांबून बोल समजत नव्हते, औंदा सुनेनं नीट आयकून सांगितलं तुमी का बोलता ते. खोकला घेऊन जाय म्हनता. कुठं घेऊन जाय?" तिनं पदर खांद्यावर घेतला. "मांगच्या पोळ्यानंतर माहा नातू खोकल्यानं गेला."

बडीअम्माच्या हातात निळ्या चिंधीचा मेढा होता. ती हौदाच्या काठावर बसली आणि तिनं ती चिंधी मुठीत झाकून घेतली. खोकला चिंधीतून जात नाही हे मला आज कोणी सांगायला नको, तेव्हाही नको होतं. पण त्या मुठीकडे पाहायची त्या अंगणात कोणाची छाती झाली नाही. दुकानदारसुद्धा आपल्या चपला पाहत होता.

याडी आली तशी नाला उतरून निघून गेली.

जमादाराला आता काय करावं कळेना. गावानं तांड्यावर टाकलं, तांड्यानं मशिदीवर टाकलं, आणि टाकलेल्या मालात फिर्यादीची आईच भागीदार. त्यानं पोलिसी तोडगा काढला. "पुढच्या साली मावळतीले फेका."

"तिकडं वस्ती हाय साहेब."

"मंग उत्तरेले."

"तिकडं दुसरं गाव हाय."

"मंग अशा बाजूले फेका जिथं दारव्ह्याचं ठानं लागत नाही," म्हणून त्यानं टोपी घातली. चाचांनी हातानंच फिर्याद नाही अशी खूण केली. मी सुटलो. बँडचं भांडण मात्र सुटलं नाही, ते पुढं कितीतरी गणपती चाललं. पण त्या दिवशी लाठ्या घरी गेल्या, आणि जाताना काही जण आपापले मेढे ओळखून काखेत मारून घेऊन गेले.

मी उठून धोतर झटकलं आणि पाहतो तर कुडाच्या फाटकाजवळ एक उंच, वाळका माणूस उभा. एका हातात छत्री, दुसऱ्यात चिखलानं माखलेल्या चपला. शेजारी दुकानदार, आनंदानं फुललेला.

"हा पाहा तुमचा जावई," दुकानदार त्यांना सांगत होता. "थोडक्यात वाचला. दोरी आनली होती याच्यासाठी."

पाहुणे याडीच्या आधीपासून उभे होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. वडील धावले, बैलांच्या झुलीविषयी काहीतरी पुटपुटले. पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला विचारलं, "टाकणारे तुम्हीच ना?"

"म्हणजे, दरवर्षीचा रिवाज आहे. सगळं गावच टाकतं."

"मी गावाले पोरगी देऊन नाही राह्यलो," ते म्हणाले. "त्या बाईशी तुम्ही काही बोलले?"

मी मान हलवली. बोललो नव्हतो. दंडारीत पाच हात लांबीची भाषणं करणारा मी, हसू दाबण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

"मंग जाऊन या. मी बसतो इथं." आणि ते खरंच मशिदीच्या पायरीवर चाचांशेजारी बसले.

नाला ओलांडताना मी भाषण जुळवलं. फार सुंदर जुळलं होतं, शेवटी हात जोडायची जागाही ठरली होती. पण तांड्याच्या कुत्र्यांनी पहिल्या वाक्याच्या आधीच प्रवेश घेतला. मी एका खाटेवर चढून उभा राहिलो. याडीनं कुत्र्यांना हाकललं आणि माझ्याकडे पाहिलं.

"याडी," मी खाटेवरून सुरुवात केली, "आमच्या अज्ञानानं..."

"खाली उतर. खाट मोडशीन."

उतरलो. भाषण खाटेवरच राहिलं.

"आमाले समजलं नाही," मी म्हणालो. "इथं कोनी राह्यते हे माहीत होतं. पन समजलं नाही."

अंगणात पळसाची तुटकी पानं, डहाळ्या पसरल्या होत्या, त्यांच्याकडे तिनं बोट केलं. "उचल."

मी वाकून पानं वेचली. गोठ्याच्या मागची, उखळाखालची, छपराच्या वळचणीतली. सून दारात उभी राहून कुठं राहिली ते दाखवत होती आणि तोंडाला पदर लावून हसत होती. सगळं गोळा करून मी गाठोडं बांधलं, डोक्यावर घेतलं.

"आता कुठं टाकशीन?" याडीनं विचारलं.

मी नाल्याकडे पाहिलं. समोर मशीद, तिच्यामागं आमचं गाव. उजवीकडे पाहिलं तर दुसऱ्या गावाचा धूर. डावीकडे कोणाची तरी पेरलेली तूर. गाठोडं डोक्यावर घेऊन मी कितीतरी वेळ गोल फिरत होतो, आणि कुत्री माझ्याबरोबर फिरत होती.

"चुलीत?" मी विचारलं.

"वलं हाय."

"मंग घरी नेऊन वाळवतो."

"हाव. तुह्या घरी वाळव," ती म्हणाली. "जाय आता. सासरा थांबला असंन तुहा."

सासरा हा शब्द माझ्याबाबतीत कोणी वापरण्याची ती पहिलीच वेळ. गाठोडं सावरत मी नाला चढलो तेव्हा पाहुणे पायरीवरच होते. बडीअम्मानं घरून पाठवलेली ताटली त्यांच्या मांडीवर होती, आणि ते चाचांशी कापसाच्या बोंडअळीवर बोलत होते. मला पाहून त्यांनी ताटली बाजूला ठेवली, माझ्या डोक्यावरचा पालापाचोळा खालून वरपर्यंत पाहिला आणि उठले.

"चला," ते म्हणाले, "आता घर दाखवा."